बंद कॉम्प्युटरचा फोन

दिवा बारीक करा आणि मध्येमध्ये मोबाइल चाळू नका. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या पक्कडची आहे. वायरिंग, फोन, इंटरनेट, सगळी कामं करतो तो. खिशात पक्कड नसली तर त्याला उघडंनागडं वाटतं, म्हणून हे नाव.

सतरा फेब्रुवारी, मंगळवार. रात्री पावणेनऊला तो एका दुमजली घरात कामाला गेला. वरच्या मजल्यावर अर्धांगवायू झालेले काका. खाली त्यांच्या बायकोचा भाचा, फुकट राहणारा. त्याची ही आत्या, म्हणजे काकांची बायको, तीन आठवड्यांपूर्वी वारली होती. काकांच्या परदेशातल्या मुलीने आईबापांना इंटरनेटवर चालणारा फोन घेऊन दिला होता. त्याची डबी कॉम्प्युटरला जोडायची. कॉम्प्युटर बंद तर फोन बंद. आणि कॉम्प्युटर होता भाच्याच्या खोलीत. पक्कडनेच तो जोडला होता आणि भाच्याला बजावलं होतं, "हा कधी बंद करायचा नाही."

आता मुलीने नवी डबी पाठवली होती. ही थेट राउटरला लावायची, कॉम्प्युटरची गरजच नाही. बापाचा फोन रात्रंदिवस चालला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

पक्कड भाच्याच्या खोलीत शिरला. टेबलाखाली उष्ट्या ताटल्या, त्यांवर हिरवी बुरशी. कॉम्प्युटर सरकवला तर मागून झुरळं सुटली. जुनी डबी उपटताना बोटांना काहीतरी चिकट लागलं.

"रोज रात्री बंद करायचो मी हा," भाचा दात कोरत म्हणाला. "ह्याच्या आतल्या पंख्याच्या आवाजाने झोप लागत नाही हो. त्या रात्रीपण बंदच होता."

"कुठल्या रात्री?"

"आत्या गेली त्या. सकाळी बघतो तर रिसीव्हर हातात. छातीत दुखलं असेल, लावत बसली असेल फोन." दातांतून निघालेलं त्याने पँटला पुसलं. "ज्याचं त्याचं नशीब."

शिसारी आली, पोरांनो. आजही सांगताना येते. दरोडेखोर परवडला, पण असला माणूस घरात नको.

तोंड उघडलं असतं तर पक्कडचा हातही उचलला गेला असता. त्याने नवी डबी राउटरला लावली, फोनची वायर तिच्यात खोचली आणि वर जाऊन रिसीव्हर कानाला लावला. टोन स्वच्छ येत होता. काकांनी चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"रात्री... पण?"

"रात्रीपण, काका. माझा शब्द."

खाली आला तर भाचा राउटरच्या बटणावर बोट ठेवून उभा.

"हे दिवे डोळ्यांवर येतात. रात्रीपुरतं बंद केलं तर चालेल ना?"

"नाही चालणार. काकांचा फोन बंद पडेल."

"त्यांना कोण फोन करतंय आत्ता?" आणि त्याने बटण दाबलं.

नऊ वाजून चाळीस मिनिटं. राउटरचे दिवे गेले.

वर फोन वाजला.

इंटरनेट बंद... कॉम्प्युटर बंद... आणि घंटा थांबेना. शेवटी भाचा जिना चढला. पक्कड मागे, तीन पायऱ्या सोडून. काका छताकडे बघत पडले होते. भाच्याने रिसीव्हर उचलला.

शब्द नाही. नुसती बटणं दाबल्याचा आवाज. खोलीच्या शांततेत पक्कडलाही ऐकू येत होता. टिक... टिक... टिक... नंबर पूर्ण झाला. आवाज थांबला. एक धाप. परत पहिल्यापासून. टिक... टिक...

भाच्याने रिसीव्हर ठेवला. त्याचा कान ओला होता. गालावरून ओघळ... शिळ्या लाळेचा आंबूस वास खोलीभर पसरला. पक्कड तोंडावर हात दाबून उतरला आणि रस्त्याच्या कडेला भडभडून ओकला.

तरी सकाळी तो पुन्हा गेला. काकांना शब्द दिला होता ना. दार सताड उघडं, भाचा कपडेलत्ते घेऊन पसार झालेला. राउटर मात्र चालू होता. जखमेला लावतात ती चिकटपट्टी बटणावर आडवीउभी मारलेली, कुणी ते दाबू नये अशी. काका पलंगावरून उठत नाहीत. शिवाय काका साफ टकले, आणि भाच्याचे केस काळे, कुरळे.

पट्टीच्या गोंदात एक केस अडकला होता. पांढरा. हातभर लांब.