आधी उत्तर द्या, साहेब!

या, असे जवळ सरका. टाळ ठेवा खाली. चहा येईस्तोवर पिंपरी पेंढारच्या वृषालीची गोष्ट ऐका. गोड आहे... पण तिच्यात राग फार आहे हं!

दोन हजार चार साल. जुन्नरकडच्या एका पॅकहाऊसमध्ये परदेशी जाणारी द्राक्षं भरली जात. वृषाली क्रेट घेऊन दारातून वळली, ती थेट समोरून येणाऱ्या तरुणावर आदळली. द्राक्षं त्याच्या नव्या बुटांवर! नवा मॅनेजर तो, निरगुडसरचा गोरख. जुन्या मॅनेजरनं आईबाप काढले असते. ती मान खाली घालून उभी राहिली.

गोरख मात्र खाली बसून मणी वेचू लागला. "हे परत होऊ नये म्हणून काय करावं? तुम्हाला काय वाटतं?"

"म्हंजे? तुमाला म्हाईत नाय?"

तो हसला. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकून आला होता – हुकूम सोडायचा नाही, विचारायचं. माणूस आपलं उत्तर आपणच शोधतं.

"आत यायची वाट एक, जायची दुसरी करा," ती फणकारली.

दुसऱ्या दिवशी खरंच दोन वाटा झाल्या! आपलं कुणी ऐकतं, हे वृषालीला नवंच होतं. मग तो रोज तिच्या टेबलाशी थांबू लागला. प्रश्न कामाचे, नजर मात्र... शेजारी कात्रीनं घड साफ करणारी सरूबाई मुद्दाम खोकायची.

हंगाम सरत आला आणि चाकणचं स्थळ आलं. वृषालीनं धीर करून गोरखला गाठलं.

"रविवारी मला बघायला येतायत. काय करू?"

त्याचा चेहरा उतरला. पण तोंडातून निघालं ते शिकवलेलंच – "तुम्हाला... काय वाटतं?"

अशी भडकली म्हणता!

"क्रेट कुठं ठेवू, कागद कुठला लावू, समदं मलाच इचारता. आज मी इचारलं, तरी परत मलाच? आमच्या गावात बुवा पण कीर्तनात प्रश्न घालतात, साहेब. पण उत्तर दिल्याबिगर आरती होऊ देत न्हाईत!"

साऱ्या कात्र्या थांबल्या.

"अगं, इचारतोय तरी," सरूबाई म्हणाली. "माझ्या लग्नात मला कुणी इचारलंबी न्हाई. नवरा कोण, ते मांडवात कळलं."

कुणी हसलं नाही.

गोरखची पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली. "मला वाटलं, साहेबच बोलला तर तुला नाय म्हणता यायचं न्हाई. म्हणून इचारत बसलो. पण तू लई आवडतीस मला... बुटावर द्राक्षं सांडलीस तवापासनं. नाय म्हणलीस, तरी तुझं काम तुझंच ऱ्हाईल."

"आन पुढं?" तिचा राग अजून उतरला नव्हता.

"उद्याच आईला घेऊन तुमच्या घरी येतो."

"यावं का, ते नाय इचारलं?"

"...यावं का?"

"या," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. "पण जुने बूट घालून या."

चैत्रात अक्षता पडल्या. गोरखनं सरूबाईला पहिल्या पंगतीला बसवलं. "मावशी, काय वाढू? तुम्हाला काय हवं?"

सरूबाई किती तरी वेळ पत्रावळीकडे बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "थांब रं. इचार करू दे जरा."

सगळा जन्म गेला आणि त्या माउलीला कुणी एकदाही विचारलं नव्हतं! सांगा, राग येईल की नाही? द्राक्षाचा घड हाती आला, की तेवढी सरूबाईची आठवण काढा.