सत्तावीस नंबरची ओळ

आमच्या घरच्या संगणकात त्या रविवारी तीन हजार एकशे अठरा फायली होत्या. एकोणीसशे चार फोटो, सहाशे अकरा पीडीएफ, तीनशे अठ्ठ्याऐंशी गाणी आणि माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या दोनशे पंधरा. याशिवाय व्हायरसनं केलेले चाळीस खोटे शॉर्टकट होते. माझ्या धाकट्या बहिणीचा, पंचशीलाचा, प्रवेशाचा फॉर्म भरताना ते सेंटरवरच्या पेनड्राइव्हमधून आले होते. कोणतं अँटिव्हायरस घ्यायचं हे ठरवण्याआधी मी हे सगळं मोजून वहीत लिहिलं. आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसेल, तर कोणी काय शोधलं याला अर्थ उरत नाही.

उदगीरच्या बसस्टँडजवळ शिवकुमारचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पप्पा सोबत आले होते. बत्तीस वर्षं एसटी डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे कोणतंही यंत्र दुरुस्त होताना बघायला त्यांना आवडतं.

“तिन्ही कंपन्यांचं ट्रायल देतो, ताई. महिनाभर फुकट. वापरून बघा, आन् मग ठरवा,” शिवकुमार म्हणाला. “पर दोन येकदम टाकू नका.”

“का?”

“दोघंबी येकमेकालाच व्हायरस म्हनत्यात.”

“म्हंजी आपली भावकीच की,” पप्पा म्हणाले.

पहिलं अँटिव्हायरस मी सोमवारी सकाळी टाकलं. तपासायला नऊ मिनिटं चाळीस सेकंद लागली. धोके सापडले एक्केचाळीस. चाळीस म्हणजे ते शॉर्टकट. एक्केचाळिसावा धोका हा एक फोटो होता. फाइलचं नाव ‘सटवा उतारा’. धोक्याच्या प्रकारात लिहिलं होतं : बहुधा नको असलेले.

सटवा हे माझ्या आजोबांचं नाव. मुखेडकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या निजामाच्या काळातल्या रजिस्टरचं ते पान आहे, सगळं उर्दूत. सत्तावीस नंबरला ‘सटवा वल्द मरिबा’, म्हणजे मरिबाचा मुलगा सटवा, आणि पुढे जातीचा रकाना. हेडमास्तरांच्या सही-शिक्क्याची त्या पानाची झेरॉक्स आमच्याकडे होती. आजोबा माझ्या जन्माआधी गेले. त्यांचा फोटो नाही. पण पन्नास सालाआधीचा दुसरा कागद घराण्यात कोणाकडेच नव्हता. पंचशीलाला नांदेडला इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती आणि ती टिकवायला जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. गुरुवारी साडेअकराला लातूरच्या कार्यालयात मूळ कागद दाखवायचे होते. ती एक ओळ दाखवायची होती.

फोटोच्या फायलीत व्हायरस बसणं फार अवघड असतं. अँटिव्हायरसची चूक आहे असं समजून मी पुढे गेले. त्यानं एक्केचाळीसही फायली क्वारंटाइनमध्ये टाकल्या होत्या, म्हणजे बाजूला कोंडून ठेवल्या होत्या.

दुपारी पप्पांनी कागदांची पिशवी उघडली.

“माया, हे पान बघ बरं. सव्वीसनंतर अठ्ठावीसच हाय.”

ओळ खरंच नव्हती. सव्वीस नंबर होता, खाली आडवी रेघ, मग एका ओळीएवढा कोरा कागद, मग रेघ आणि अठ्ठावीस नंबर. मी दहापट भिंगाखाली पाहिलं. झेरॉक्सची काळी पूड कागदावर बारीक उंचवटा करते. खरवडली तर कागदाचे धागे उठतात. इथे उंचवटा नव्हता आणि धागे जसेच्या तसे होते. तिथे कधी काही छापलंच नव्हतं, असा तो कागद होता.

मी शाळेत फोन लावला. हेडमास्तर रजिस्टर काढून बोलले. “मॅडम, सत्तावीसवर कायबी न्हाई. जागा सोडलीय नुसती. तुमचा काय तरी घोटाळा होऊन राहिलाय.” शिक्का त्यांचाच होता.

मग मला जे सुचलं ते प्रयोगशाळेत शिकल्यामुळे सुचलं असेल. मी फाइल क्वारंटाइनमधून परत आणली. कागद पंचशीलाच्या हातात होता.

“ताई,” ती म्हणाली. “आली.”

मी तीनदा करून पाहिलं. फाइल आत, ओळ गेली. फाइल बाहेर, ओळ आली. तुलनेसाठी आमच्या गाईचा एक फोटो क्वारंटाइनमध्ये टाकला आणि गोठ्यात जाऊन पाहिलं. गाय रवंथ करत होती. तिचा छापील फोटोही तसाच होता.

“आता मला बी टाकून बघ आत,” आई म्हणाली. “कोरोनात चौदा दिवस ऱ्हायलेय, सवय हाय.” कोणी हसलं नाही.

पहिलं अँटिव्हायरस काढून मी मंगळवारी सकाळी दुसरं टाकलं. कोणी विचारेल, का टाकलं? कारण एका यंत्राचा दोष असेल, तर दुसऱ्यात तो दिसू नये. त्याला सहा मिनिटं लागली. आता शॉर्टकट नव्हते, म्हणून धोका एकच सापडला. तोच.

पप्पा ओट्यावर बसून चहा पीत होते. मी ओळ पाहिली. नव्हती.

“पप्पा, आजोबांचं नाव काय?”

“कोन्या आजोबाचं?”

“माझ्या. तुमच्या वडलांचं.”

त्यांनी तोंड उघडलं. बशी हातातच राहिली. मग ते हसले, एखादा शब्द ओठावर येऊन अडकल्यावर माणूस हसतो तसे. मग हसू गेलं.

“माझ्या बापाचं नाव...” ते म्हणाले. “थांब की. माझ्या बापाचं नाव, माया.”

मी त्यांचं आधारकार्ड काढलं. ‘नरसिंग’ आणि ‘सोनकांबळे’ यांच्यामध्ये तीन अक्षरांएवढी जागा मोकळी होती.

मला मात्र नाव आठवत होतं. कारण सांगता येणार नाही. मी आजोबांना पाहिलंच नव्हतं, ते माझ्यासाठी आधीपासून एक ओळच होते, हे कारण असू शकेल. मी फाइल परत आणली, दुसरं अँटिव्हायरस काढलं आणि तिसरं टाकलं. तिसऱ्याला अकरा सेकंद लागले. बाकीच्या फायली सोडून ते थेट तिथेच गेलं होतं.

फाइल परत आणून तेही काढलं. संगणकाची वायर ओढली. इंटरनेटचा डबा बंद केला. आता यंत्रात काहीच चालू नव्हतं.

चाळीस मिनिटांनी ओळ पुन्हा गेली.

पप्पांनी कागद मांडीवर घेतला होता. त्या कोऱ्या जागेकडे ते असे पाहत होते की मला राग आला. भीती वाटायला हवी होती, पण राग आला. ज्या माणसानं त्या शाळेच्या दाराबाहेर बसून पाटी गिरवली आणि तरी रजिस्टरात नाव लिहवून घेतलं, त्याला कोणीतरी नको असलेलं ठरवत होतं. कोण, ते मला माहीत नव्हतं. ते कळायची मला गरजही वाटली नाही. मी हे मान्य करणार नव्हते, एवढं मला कळलं.

“म्हणा,” मी म्हणाले. “सटवा वल्द मरिबा.”

“कोन?”

“म्हणा तर. बोट ठेवा इथं आणि म्हणा.”

पप्पांनी कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. “सटवा वल्द मरिबा,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांच्या बोटाखालून अक्षरं दिसायला लागली, उजवीकडून डावीकडे. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ते रडत होते.

जोवर कोणी बोट ठेवून नाव घेत होतं, तोवर ओळ राहत होती. थांबलं की जात होती. जायला लागणारा वेळ मी घड्याळ लावून मोजला. आधी चाळीस मिनिटं, मग एकतीस, बावीस, चौदा. गुरुवारपर्यंत काय होईल ते सांगायला आलेख काढायची गरज नव्हती.

“मी साहेबापुढं बसून नाव पुटपुटत ऱ्हाऊ का?” पंचशीला म्हणाली. “येडी म्हनून काढतील बाहेर.”

“तू गप बसायचं. दुसरे म्हणतील.”

ओळ आहे तोवर मी पानाच्या प्रती काढून आणल्या. फोनवर पाठवलेला फोटो पोचेपर्यंत कोरा होत होता. कागदावरच्या प्रतीत पान टिकत होतं, ओळ तेवढी आमच्या झेरॉक्ससोबतच जात-येत होती. एक प्रत पप्पांनी एका कंडक्टरच्या हाती चाकूरला सरजाबाई आत्याकडे पाठवली. बुधवारी सकाळी आमच्याकडची ओळ गेल्यावर मी तिला फोन केला.

“मला उर्दू कुठं येतंय गं?”

“नाही आलं तरी चालेल. सत्तावीसवर बोट ठेव आणि म्हण, सटवा वल्द मरिबा.”

“हे कोन?”

“तुझे वडील.”

मग फोनवर तिचा आवाज आला, हळू, एकेक शब्द. मी उदगीरला, माझ्यापुढच्या कागदावर, ओळ येताना पाहिली. पुसट होती. एका माणसाचा आवाज एवढ्या लांबून पुसटच येणार. मला आणखी माणसं हवी होती.

“आत्ता आठवला मला,” आत्या म्हणाली. “अगं, माझ्या बापाचं नाव घ्यायला मला बोट कशाला ठिवायला लावतीस?”

पप्पांनी दुपारभर फोन केले. मुखेड, चाकूर, लातूर, नांदेड, देगलूर. कोणी चुलत, कोणी मावसभाऊ, कोणी डेपोतले मित्र. भूत, करणी असला शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. “पोरीचं काम हाय,” एवढंच म्हणाले. “उद्या साडेअकराला कागद घेऊन बसायचं, बोट ठिवायचं आन् नाव घेत ऱ्हायचं. बसलाव की माझ्या पोरीच्या फोनवर येक मिस्ड कॉल टाका. येकानं येकदाच. ती उचलणार न्हाई, मोजणार हाय.”

“म्हातारपणी हे नाव घ्यायचं व्यसन लागलंय का तुला?” पलीकडून कोणीतरी विचारलेलं मलाही ऐकू आलं.

“हाव,” पप्पा म्हणाले. “बापाचं.”

संध्याकाळच्या गाड्यांनी प्रती गेल्या. सरजाबाई आत्या धरून साठ माणसं, साठ प्रती. प्रत्येकाचं नाव आणि नंबर मी वहीत लिहिला. बसस्टँडवरून परतताना शिवकुमार दुकानाच्या पायरीवर दिसला.

“मग कोनतं घेताव, ताई?”

“कोणतंच नाही.”

“बिगर अँटिव्हायरसचं कॉम्प्युटर ठेवताव? कायबी घुसंल आत.”

“घुसू दे. जे आत आहे ते जाऊ द्यायचं नाहीये मला.”

गुरुवारी लातूरच्या बसमध्ये आम्ही तिघं मागच्या सीटवर आळीपाळीनं नाव घेत होतो. पुढची बाई वळून पाहत होती. कार्यालयाच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा आम्ही गप्प राहिल्यावर ओळ साडेतीन मिनिटं टिकत होती.

अकरा सत्तावीसला आत बोलावलं. पप्पा आणि पंचशीला गेले. दार उघडंच होतं. मी बाहेरच्या बाकावर, फोन मुका करून हातात धरलेला.

मिस्ड कॉल सात.

टेबलामागे एक चष्म्याच्या बाई होत्या. पंचशीलानं एकेक कागद पुढे ठेवला. दाखला. प्रतिज्ञापत्र. आधार.

एकोणीस.

बाईंनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. फोन हातात सारखा थरथरत होता. तेहेतीस. अडतीस.

अकरा एकतीस. झेरॉक्स पुढे गेली.

मला तिथून अक्षरं दिसत नव्हती. पंचशीलाची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

सेहेचाळीस. बावन्न.

बाईंचं बोट पानावरून खाली येत होतं. थांबलं.

“सत्तावीस म्हणालात ना?”

पप्पांनी मान डोलावली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

सत्तावन्न. एकोणसाठ.

साठ.

“सटवा,” त्या वाचत म्हणाल्या. उर्दू येत असावं त्यांना. “सटवा वल्द मरिबा. हे तुमचे कोण?”

“बाप,” पप्पा म्हणाले. केवढ्यांदा म्हणाले. व्हरांड्यातली माणसं वळली. “माझा बाप हाय त्यो.”

शिक्क्याचा आवाज मी बाहेरून ऐकला.

पंचशीला बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. पप्पा नळावर तोंड धुवायला गेले. कागद माझ्याकडे होता. मी ओळ वीस मिनिटं पाहिली, नाव न घेता. ती तशीच होती, काळी, ठळक, सव्वीस आणि अठ्ठावीसपेक्षा ठळक.

मग बाकावर बसून मी वही काढली. यादीतला एकेक नंबर फोनवरच्या नंबराशी जुळवला आणि पुढे खूण केली. पंचशीलानं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. आकडे दोघींचे सारखे आले.

वाटलेल्या प्रती साठ. यादीतल्या खुणा साठ. मिस्ड कॉल एकसष्ट. जास्तीच्या एकावर नंबराच्या जागी नुसतं सत्तावीस.