मामीच्या खोलीतली शांतता

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय हे. गुरुवारी, भरदुपारी, त्याच्या राहत्या घरात. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मामाने सव्वीस वर्षं टीव्हीच्या बातम्यांत काढली. नंतर तो आणि त्याचा जुना कॅमेरामन मिळून वाहिन्यांना तयार बातम्या बनवून देऊ लागले. कॅमेरामनला उंचीमुळे सगळे उंट म्हणतात. उंटाने शूट करायचं, मामाने लिहायचं, आवाज द्यायचा, एडिट करायचं. वाहिनीने फक्त दाखवायचं.

त्यांचा एक नियम. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प करून त्या जागेची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करायची. ती बोलण्याखाली अंथरली की कापाकापीचे जोड कळत नाहीत.

त्या आठवड्यात कपडे धुण्याचा एक कारखाना कोसळला. बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, एक मुलगी सापडेना. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, पाच वाजता शोध थांबवणार होते.

उंट घाईत शांतता घ्यायलाच विसरला. मामाने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पण वेळ कुठे होता? त्याने कॉम्प्युटरवरची एक जुनी शांतता उचलली आणि बातमीखाली टाकून दिली.

ती मामीच्या खोलीतली होती.

मामी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मामाने ती रेकॉर्ड केली होती. रिकाम्या पलंगाशेजारी बसून. का, ते त्यालाही सांगता येत नाही. नंतर शंभरदा ऐकली असेल त्याने. पंख्याच्या घरघरीशिवाय तिच्यात काही नव्हतं.

अडीचला बातमी लागली. तीनला त्या मुलीच्या आईचा फोन. नंबर तिला उंटाने दिला होता.

"साहेब, तुमच्या बातमीत माझी पोर काहीतरी वाजवतेय. ऐका हो कुणीतरी."

बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं मामाला वाटलं. तरी त्याने हेडफोन लावले.

घरघर...

घरघर...

टक टक. थोडं थांबून... टक.

मामाने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच.

आजारपणात मामीची वाचा गेली होती. काही हवं असलं की ती चमच्याने पेला वाजवायची. दोनदा, थांबून एकदा. शेवटच्या दुपारीही वाजवला असणार. मामा शेजारच्या खोलीत, कानांना हेडफोन लावून, कुणाची तरी बातमी एडिट करत होता. तो उठून गेला तेव्हा चमचा जमिनीवर पडला होता.

पुन्हा फोन. उंट होता, ढिगाऱ्यापाशी. आईने तिथल्या अधिकाऱ्याचे पाय धरले होते, आणि अधिकारी विचारत होता, हा आवाज नक्की इथलाच ना?

खरं सांगितलं तर खोदणं थांबणार. सव्वीस वर्षांत मामाने एक चुकीचा शब्द जाऊ दिला नव्हता.

"इथलाच आहे म्हण," मामा म्हणाला. "खोदा म्हणावं. तुझ्या पाया पडतो रे."

मग तो फोनसमोर बसून राहिला. लहान मुलासारखा रडत होता.

सव्वासहाला मुलगी सापडली. जिवंत.

दुसऱ्या दिवशी उंट तिला दवाखान्यात भेटला. ढिगाऱ्यात तिचे दोन्ही हात स्लॅबखाली अडकले होते, बोटही हलत नव्हतं. "मी नाही वाजवलं," ती म्हणाली. "शेजारी एक बाई होत्या, त्या वाजवत होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांना काढलं का?"

अख्खा ढिगारा उपसला. दुसरं कुणी नव्हतं.

मामाने ती शांतता पुन्हा लावली. नुसती घरघर. वाहिन्यांकडे गेलेल्या बातमीतही तेच.

आता रोज दुपारी तो मामीच्या खोलीत बसतो. हेडफोनशिवाय. "परक्या पोरीसाठी वाजवलंस ना," म्हणतो, "आता एकदा माझ्यासाठी वाजव गं. या वेळी उठतो मी."

गेल्या रविवारी मीही जाऊन बसलो. पंखा फिरत होता. मामा डोळे मिटून, कान देऊन...

बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे बघितलं.

"मला काहीच नाही आलं रे ऐकू. तुला?"

मी "नाही" म्हणालो.

मला आलं होतं. दोनदा... थांबून एकदा.