कडुनिंबाला टांगलेला कलश

मृण्मयीनं तांब्याचा कलश खासगी गुप्तहेर चारुताबाईंच्या टेबलावर ठेवला. आत आईच्या अस्थी नव्हत्या. माती होती.

"पैठणला, कोरड्या पात्रात उभी राहून कलशाच्या तोंडाचं कापड सोडलं तेव्हा कळलं," ती म्हणाली. "गोदावरीतच विसर्जन करीन, असा आईला शब्द दिला होता."

"विमानतळापासून सांगा."

चिकलठाण्याला उतरल्यापासून कलश तिच्या मांडीवर होता. टॅक्सी जालना रोडनं शहरात आली आणि गारखेड्याला मावशीच्या दारात थांबली. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून मृण्मयीनं कलश फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला टांगला. चहा पिऊन बाहेर आली तेव्हा तो तिथंच होता. पुढं पैठणपर्यंत पुन्हा मांडीवर.

"म्हंजी चहाच्या वक्तालाच घात झाला," चारुताबाईंचा सहकारी बद्रीनाथ म्हणाला. "डायवरच असंल."

चारुताबाईंनी माती चिमटीत घेतली. काळी, ओलसर. तिच्यात केसांसारखी पांढरी मुळं.

टॅक्सीवाला पुंजाराम उखडला. "ताईच्या समोर बसून चहा पेलो की! लोकाच्या अस्थीचं काय लोणचं घालू?"

कालिंदीमावशीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. "तू आधी इथं येणार हे मुकुंदरावांना मीच कळवलं गं," ती म्हणाली. ओट्यावरच्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या होत्या. "आठवड्यानं नळ येतो. प्यावं, का झाडांना घालावं?"

मुकुंदराव, मृण्मयीचे वडील, मागच्याच गल्लीत एकटे राहत. आई त्यांना सोडून बंगळुरात लेकीकडे गेली, त्याला कैक वर्षं झाली होती.

"मी आज घराबाहेर पडलोच नाही," ते म्हणाले. "विमानतळावर न्यायला येतो म्हटलं होतं. तू फोन ठेवलास."

त्यांच्या सदऱ्याला घामाचा आंबूस वास येत होता. दारातल्या कुंडीत मोगरा फुलला होता.

चारुताबाई कुंडीशी थांबल्या. "बद्रीनाथ, या उन्हाळ्यात ओली माती कुठं मिळेल?"

"टँकरखाली. आन् कुठं?"

"टँकरखालच्या मातीत कोवळी मुळं नसतात. ही कुंडीतली माती आहे. मावशींच्या कुंड्या वाळल्यात, शिवाय एका हातानं कापडाची गाठ बांधता येत नाही. पुंजाराम मृण्मयीच्या डोळ्यांसमोर होता. माती तयार ठेवणाऱ्याला ती येणार हे माहीत होतं, अस्थी दाराबाहेर राहणार हेही. मुकुंदराव, स्वतः अंघोळ न करता ते पाणी तुम्ही या मोगऱ्याला घालता. अस्थींना जागा करायला जी माती काढलीत, तीच कलशात भरलीत."

मुकुंदराव पायरीवर बसले.

"हा मोगरा तुझ्या आईनंच लावलेला आहे," ते म्हणाले. "काल पैठणला जाऊन आलो. नदीत चिखलसुद्धा नाही. तिला भेगांत टाकून आली असतीस?"

मृण्मयीला रडू आलं नाही. कुंडीतली माती पाणी घालून घट्ट बसवलेली होती. आता त्यातून अस्थी वेगळ्या काढता येणार नव्हत्या.

"तिला तुमच्याकडे परत यायचं नव्हतं, बाबा. शेवटच्या दिवशीही नाहीच म्हणाली."

"ठाऊक आहे," मुकुंदराव म्हणाले. "म्हणून तर तुला विचारलं नाही."