कुणालाच न दिसलेला खेकडा

आमच्या मिठागरात एक खेकडा आहे. तो फक्त मोठ्या माणसांना चावतो, पायाच्या अंगठ्यालाच चावतो, बहुतेक वेळा पहाटेच चावतो, आणि आजवर एकाही माणसाने त्याला पाहिलेलं नाही. आता मला सांगा, असला शिस्तीचा खेकडा कुणी ऐकलाय? पण आमच्या गावात कुणी लंगडत आलं की विचारायचं, "काय, खेकडा?" आणि त्याने मान डोलवायची. विषय संपला.

मी हर्षाली, वय बारा, आणि मला हा विषय संपलेला मान्य नव्हता. कारण गेल्या वर्षी तो खेकडा माझ्या बाबांना चावला. अकरा दिवस ते खाटेवर होते, पायाला चादर लागलेली सोसवत नव्हती. त्याआधी आजोबांना तो इतक्यांदा चावला, की शेवटी त्यांची बोटं वाकडी झाली आणि त्यांना बांधावरून चालताच येईना. आता पावसाळा सरला होता, आठवड्याभराने तुडवणी सुरू होणार होती, आणि सकाळी चूळ भरायला जाताना बाबा डावा पाय जरा जपून टाकत होते. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला दिसलं. बाबांचा पाय आजोबांसारखा होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तुडवणी म्हणजे काय ते सांगते. मिठाच्या वाफ्याचा तळ चिखलाचा असतो. मीठ धरायच्या आधी तो अनवाणी पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा घट्ट करावा लागतो. एकदा मशीन आणून पाहिलं, ते रुतून बसलं. म्हणून सगळे ओळीने उभे राहतात, पुढे बाबा, आणि एका तालात पाय पडतात. वाफ्यात एकदा उतरलं की दुपारपर्यंत बाहेर पडायचं नाही, कारण मध्येच बाहेर जाणारा पाय ओला तळ उखडून टाकतो. ही आमची पद्धत. ओळीच्या पुढे नेहमी आमच्या घरचा माणूस असतो, आणि यंदा बाबांच्या मागे पहिल्यांदाच मी उभी राहणार होते.

त्याच आठवड्यात वनिता आत्या आली. ती बाबांची थोरली बहीण, इथेच वाढलेली, आता शहरातल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. तिच्याबरोबर बादलीएवढा, तीन चाकांचा एक यंत्रमानव होता, त्याचं नाव अंदाज्या. तो माणसाला प्रश्न विचारतो, कंबर मोजतो, रक्तदाब घेतो आणि पुढे कुठला त्रास होण्याचा धोका किती आहे ते सांगतो. या खेपेला तो मोठ्या माणसांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढण्याचा धोका सांगत गावभर फिरत होता.

बाबांना त्याने हिरवा दिवा दाखवला, म्हणजे धोका कमी. म्हणाला, तुमच्यासारख्या शंभर माणसांत साधारण आठ जणांचं युरिक ॲसिड वाढलेलं असतं. बाबा खूश. आत्या म्हणत होती, तरी एक थेंब रक्त दे, तर म्हणाले, दिवा हिरवा आहे ना, मग झालं. त्यांना काय, तुडवणीच्या तोंडावर आजारी ठरायचं नव्हतं. मी मात्र भडकले आणि पडवीत जाऊन अंदाज्याला फैलावर घेतलं. तुला काही कळत नाही, माझ्या बाबांना खेकडा चावतो, वगैरे वगैरे.

अंदाज्या रागावत नाही, त्यामुळे भांडणाची सगळी मजाच जाते. त्याने शांतपणे विचारलं, खेकडा कुठे चावतो, किती वाजता, सूज येते का, जागा लाल होते का. मी सांगत गेले. मग तो म्हणाला, त्याच्या माहितीतला एक आजार अगदी असाच वागतो. त्याला गाउट (युरिक ॲसिडचे कण सांध्यात साचून होणारा आजार, वैद्यांच्या भाषेत वातरक्त) म्हणतात.

"मग हिरवा दिवा कसा दिलास रे?"

त्याने जे सांगितलं ते असं. अंदाज्या काही भविष्य सांगत नाही. त्याला चाळीस हजार माणसांच्या नोंदी शिकवल्या आहेत: वय, वजन, कंबर, रक्तदाब, साखर, दारूची सवय, मूत्रपिंडं (रक्त गाळून नको ते लघवीवाटे बाहेर टाकणारे दोन अवयव) कशी चालतात ते. नवा माणूस समोर आला की आधीच्यांपैकी त्याच्यासारखे कोण आणि त्यांच्यातल्या किती जणांचं युरिक ॲसिड वाढलेलं होतं, हे तो पाहतो. बाबा सडपातळ, रक्तदाब नीट, दारू नाही. म्हणून हिरवा.

मी विचारलं, ती चाळीस हजार माणसं होती कुठली? तर शहरातल्या कचेऱ्यांमधली. पंख्याखाली बसणारी, बाटली शेजारी ठेवणारी. अंदाज्या म्हणाला, "हर्षाली, मी काय विचारायचं राहिलं?"

मग मी सुटलेच. सकाळी सहापासून बारापर्यंत आमच्याकडे कुणी पाण्याचा घोट घेत नाही, कारण वाफ्यातून पाय काढायचा नाही. घाम तर नुसता वाहतो. मोसमभर दोन्ही वेळेला ताटात सुकी मासळी, सुकट नाहीतर जवळा. आणि आजोबांचा पाय. दाराशी आत्या चहाचा कप घेऊन उभी होती, ती खालीच बसली. "मी लहानपणी त्याच वाफ्यात तहानेने तळमळत उभी राहायचे," ती म्हणाली, "आणि प्रश्न लिहिताना मीच पाणी विसरले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती तडक बाबांकडे गेली. मला वाटलं आता व्याख्यान देणार, पण तिने एवढंच विचारलं, "प्रल्हाद, वाफ्यात मीठ कधी धरतं?"

बाबा हसले. शहरात राहून हेही विसरलीस का, म्हणाले. "पाणी आटलं की. खार तेवढाच राहतो, पाणी कमी होतं. मग पाण्याला तो पेलवत नाय, दाणा खाली बसतो."

आत्या म्हणाली, तुझ्या रक्तातही हेच होतंय. आपल्या पेशींत आणि सुकटीसारख्या पदार्थांत प्युरीन नावाचा घटक असतो. तो मोडला की युरिक ॲसिड तयार होतं. थोडं असलं तर काही बिघडत नाही, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. पण अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडं पाणी राखून धरतात, आणि त्याबरोबर युरिक ॲसिडही मागे राहतं. रक्त संपृक्त (आणखी काही विरघळणार नाही इतकं भरलेलं) झालं की त्याचे सुईसारखे कण धरू लागतात. साखरेचा पाक निवला की कडेला खडे धरतात ना, तसं अंगातल्या थंड जागी हे आधी होतं, आणि पायाचा अंगठा हृदयापासून लांब, त्यातल्या त्यात थंड. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या कणांवर तुटून पडतात आणि अंगठा सुजतो.

बाबांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मिठाबद्दल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "घे थेंब."

आकडा आला आठ पूर्णांक चार, आणि हवा होता सातच्या आत. मी लगेच अंदाज्याला म्हटलं, बघ, चुकलास की नाही? तो म्हणाला, अजून सांगता येत नाही. शंभरात आठ असं मी म्हटलं होतं, बाबा त्या आठांतले असू शकतात. एका माणसावरून अंदाज खोटा ठरत नाही. मग आत्याने तुडवणीच्या सगळ्या सव्वीस मोठ्या माणसांचं रक्त तपासलं. अंदाज्याच्या हिशेबाने दोघांचं वाढलेलं निघायला हवं होतं, निघालं अकरा जणांचं.

"आता मी चुकलो," अंदाज्या म्हणाला. पाण्यामुळे, सुकटीमुळे की घराण्यामुळे, हे ठरवायला त्याला अजून पुष्कळ नोंदी लागतील, हेही त्याने सांगितलं. आकडा वाढलेल्या प्रत्येकाचा पाय दुखतोच असं नाही. म्हणून दिवा लाल झाला की घाबरायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. ते अकराही जण तालुक्याला जाऊन आले. बाबांना गोळ्या मिळाल्या, आणि भरपूर पाणी प्यायची ताकीदही.

तुडवणीच्या दिवशी मी बाबांच्या मागे उभी राहिले. ऊन तापलं, नऊ वाजले असतील, आणि बाबा थांबले. ओळ थांबली. ते सरळ वाफ्यातून चालत बांधावर गेले, मागे ओल्या तळात पावलांचे खड्डे पडले. कळशीतलं दोन तांबे पाणी प्यायले आणि सगळ्यांना हाक मारली. म्हातारे हिराजीकाका कुरकुरले, एवढा केलेला तळ बिघडवलास म्हणून.

"तळ परत तुडवता येतो, काका," बाबा म्हणाले. "अंगठा नाय."

हिराजीकाका कुरकुरतच, पण तेही आले. पाणी पिऊन आम्ही ते खड्डे पुन्हा तुडवले. एरवी दिवसात होणाऱ्या वाफ्याला दीड दिवस लागला. खेकडा मात्र अजूनपर्यंत आलेला नाही.

अंदाज्या आता वीटभट्ट्यांवर निघाला आहे. त्याच्या यादीत पाणी, ऊन, सुकी मासळी आणि आजी-आजोबांचे पाय आलेत, आणि सगळ्यात शेवटी तो प्रत्येकाला विचारतो, मी काय विचारायचं राहिलं? निघताना त्याने ते बाबांनाही विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"माणसाला विचारून झालं की त्याच्या पोरांना विचार," ते म्हणाले. "आम्ही लपवतो, पण त्यांना दिसतं."

अंदाज्याने ते लिहून घेतलं.