जुळा रेणू

चंद्रपुरात आता कुठलंही बाळ उघड्या हवेत श्वास घेत नाही. जमिनीखालचा कोळसा अकरा वर्षं धुमसतोय. त्यातून झिरपणारा खाणवायू मोठ्यांना नुसता खोकला देतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाचा मेंदू पोखरतो. म्हणून जन्मतःच नाकावर स्फटिकांची नखाएवढी गाळणी बसते. लोक तिला ‘चाळणखडा’ म्हणतात.

शाल्मली डोंगरेची रेवा चार महिन्यांची होती आणि अंगावर पीत नव्हती. बाटली मात्र कुणाच्याही हातून घ्यायची. आई जवळ आली तरी तिची मान वळत नसे. शाल्मलीने हे दिवसातून कितीदा तपासलं, तिलाच ठाऊक.

“सासूबाई म्हणतात, माझं दूधच आंबट असेल,” ती डॉक्टर बारसागडेंना म्हणाली. चाळणखडा त्यांच्याच प्रयोगशाळेतला.

“सासूबाईंना द्या चाखायला.” बारसागडे हसल्या, मग गंभीर झाल्या. “पितळी मूर्ती ओतताना पाहिलंय? मेणाभोवती माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून जातं, आत त्याच्या आकाराची पोकळी राहते. आम्ही मेणाऐवजी एक रेणू घेतो. त्याच्याभोवती स्फटिक वाढतो. मग साडेपाचशे अंशांवर तो रेणू जाळायचा. उरतात भोकं, नेमकी त्याच्या मापाची. त्या मापाचं जे येईल ते अडकतं.”

“म्हणजे तुम्ही खाणवायूचा रेणू घेतलात.”

“तो शुद्ध, दाट स्वरूपात हाताळणं मोठ्यांच्याही जिवावरचं काम. म्हणून त्याच्याच बांध्याचा निरुपद्रवी जुळा घेतला. विषारी नाही ना, एवढंच तपासलं.” त्यांनी चष्मा काढला. “तो शरीरात कुठे सापडतो, हे परवा कळलं. बाळंतिणीच्या अंगाला वास येतो ना, तो त्याचाच.”

“माझा वास तिला कधी आलाच नाही?”

“नाही.”

“शुद्ध हवेची खोली असेल ना तुमच्याकडे?”

“तिथली हवाही ह्याच खड्यांतून येते, ताई.”

“मग इथंच काढते. थोडा वेळ.”

“सात मिनिटं. पुढे मी हमी देणार नाही.”

शाल्मलीने खडा उतरवला, रेवाला छातीशी घेतलं. चिमुकल्या नाकपुड्या हलल्या. मग रेवाचं अंग ताठ झालं. दोन्ही मुठींनी ती आईला ढकलू लागली, अनोळखी बाईने उचलल्यासारखी रडू लागली.

“मॅडम, वायू चढला का?”

“त्याला वास नसतो,” बारसागडे हळू म्हणाल्या. “तिला तुमचा वास येतोय.”

तिसऱ्या मिनिटाला शाल्मलीने खडा परत बसवला. हुंदके थांबले. रेवा तिच्याकडे बघून हसली. दारात आलेल्या कुणाकडेही बघून हसायची, तशीच.