मोताळ्याकडच्या जत्रेतला माइक

लाइट गेली म्हणून आले ना सगळे माह्या ओट्यावर? नाहीतर म्हाताऱ्याले कोण विचारते! बसा. काजल, तू मधी बस, लहानी छकुली पुढे बसन. भ्याली तर मले धरू नको, सदरा आजच धुतला.

तर माही बहीण शालूबाई, तिचा जावई गोपाल. त्याच्याच तोंडून ऐकलं, मी पदरचं मीठ घातलं नाही. खोटं निघालं तर माह्या मिशा कापा. तशाही उंदरानं कुरतडल्यासारख्याच आहेत.

जत्रांचा मोसम आला की गोपाल नांदुऱ्याच्या रंगरावच्या ऑर्केस्ट्रात कामाले जाते. स्टेज बांधणं, स्पीकर चढवणं, वायरी गुंडाळणं. गळा मोठा गोड, पण आठ वर्षं नुसता दुसऱ्यांचा माइक पुसला. गेल्या साली मोताळ्याकडच्या एका जत्रेत दोन रात्रींचा कार्यक्रम होता. रामनवमीच्या आदल्या रात्री रंगराव म्हणे, "गोपाल, उद्या तुले एक गाणं देतो. सूर चुकला तर पुन्हा नाव काढू नको बे!"

गड्याले जेवणच गेलं नाही.

आता या लोकांची एक रीत असते. मैदान रिकामं झालं, की आवाजाची मशीन बंद करायच्या आधी माइकवर म्हणायचं, "कार्यक्रम संपला मंडळी, आपापल्या घरी जा." कोणाले म्हणायचं? ते कोणी विचारत नाही. त्या रात्री हे काम गोपालकडे होतं.

काय म्हणतो गणेश? इसरला? इसरला नाही बापा! त्याले वाटलं, माहं गाणं तर राह्यलंच. आधी तालीम करू, मंग 'घरी जा' म्हणू.

रात्रीचे पावणेदोन. चंद्र मावळलेला. रंगराव टेम्पोत घोरून राह्यला. खुर्च्यांच्या चळती मैदानाच्या कडेले. स्टेजवर एक बल्ब, एक माइक. आवाज बारीक करून गोपालनं बापानं शिकवलेली गवळण धरली. पहिलं कडवं झालं.

पार मागून, अंधारातून, टाळ्या.

त्याले वाटलं, चहावाले असतील. खूश झाला ना लेकाचा! दुसरं कडवं म्हटलं. पुन्हा टाळ्या... जरा जवळून.

"कोण आहे हो?"

तो गप्प राह्यला, तशा टाळ्या पुढे सरकल्या. गायला की थांबत. थांबला की सरकत.

छकुले, पाय वर घे. काही नाही, उगाच म्हटलं.

तिसरं कडवं. चौथं. पुन्हा पहिलं. दम घ्यायले थांबला की सरकल्याच... टाळ्या आता स्टेजच्या पुढ्यात. बल्बच्या उजेडात. अन् तिथं नुसती माती.

तेव्हा त्याले रीत आठवली.

"कार्यक्रम... संपला मंडळी... घरी जा."

टाळ्या थांबल्या.

मंग त्याच्या मागे, स्टेजच्या फळीवर, एक पाऊल वाजलं. हलकं.

अजून एक.

गोपालनं उडी मारली. टेम्पोत ताडपत्रीखाली घुसला. बाहेर मशीन चालूच... गाणं नाही. बोलणं नाही. स्पीकरमधून नुसता श्वास. उजाडेपर्यंत.

दुसऱ्या रात्री रंगरावनं नाव पुकारलं. हजार माणसं समोर. गोपाल चढलाच नाही. आठ वर्षांची आस, तिथंच मातीत गेली. अजूनही स्पीकरच उचलते.

काय गणेश? सपन पडलं असन?

असन बापा. मीही त्याले हेच म्हटलं, पोट धरून हासलो. मंग त्यानं सांगितलं... सकाळी रंगराव ओरडला होता, "माइकचा स्टँड कोणी खाली केला बे?" गंजलेला स्क्रू, पान्याशिवाय हलत नाही. पाना रात्रभर रंगरावच्या उशाखाली. तरी स्टँड खाली उतरवून पक्का आवळलेला. अन् माइकची जाळी ओली.

केवढा खाली म्हणता?

छकुले, उभी राह्य जरा... सरळ...

हं. एवढाच. तुह्या ओठाशी.